आपली फाइल फारच लहान आहे

मला राग आला आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्याकडे पाहून ते कळत नाही. इतर लोक रागावले की त्यांचे कान लाल होतात, आवाज चढतो, निदान भांडी तरी आपटतात. मी रागावलो की "बरं" म्हणतो. फार रागावलो की "बरं, बरं" म्हणतो. माझ्या बायकोला एकोणचाळीस वर्षांच्या अनुभवाने या दोन्हींतला फरक ओळखता येतो. बाकीच्या जगाला वाटते, मी समजूतदार आहे.

तर गेल्या महिन्यात सार्वजनिक ग्रंथालयाच्या संगणकाने मला लाल अक्षरांत कळवले: "आपली फाइल फारच लहान आहे. कृपया मोठी फाइल जोडावी."

मी चाळीस वर्षे मुद्रितशोधक होतो. छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका काढायच्या आणि लेखक प्रवासाला गेलेला असला तर त्याचे फालतू शब्दही हळूच काढायचे, हा माझा धंदा. मजकूर लहान केला म्हणून मी शिव्या खाल्ल्या आहेत. पण लहान आहे म्हणून परत आलेली वस्तू मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो, आणि ती वस्तू माझी होती. मी पडद्याला "बरं" म्हणालो.

ती फाइल म्हणजे मी स्वतः लिहिलेला एक प्रोग्रॅम. अठरा केबी. आमच्या वरच्या मजल्यावरचे इंजिनियर रोज सकाळी आपल्या कुंडीतल्या रोपाचा फोटो सगळ्यांना पाठवतात, तो याच्या दोनशेपट मोठा असतो आणि त्यातले रोपही धड दिसत नाही. माझा प्रोग्रॅम मात्र एक काम चोख करतो. त्याला सांगितले की ध्वनिमुद्रण वाजवतो, सांगितले की थांबतो. मध्ये स्वतःचे काही बोलत नाही. हा गुण मी माणसांतही फारसा पाहिलेला नाही.

तो लिहावा लागला दादामुळे.

दादा माझा थोरला भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर, आमच्याकडेच राहतो. छत्तीस वर्षे न्यायालयात टंकलेखक होता. चार वर्षांपूर्वी त्याची नजर गेली. आधी बारीक अक्षरे गेली, मग मोठी, मग माणसे. बोटे मात्र तशीच राहिली. अजूनही टेबलावर बोटे आपटत तो माझ्या बोलण्याचा इतिवृत्तांत टंकत असतो, असा मला संशय आहे. तो मला टिंब म्हणतो. लहानपणी तो जिथे जाई तिथे त्याच्या मागे मी, वाक्याच्या शेवटी टिंब असावे तसा. पुढे मी मुद्रितशोधक झालो तेव्हा त्याला फार आनंद झाला. आमच्या धंद्यात एखादा शब्द चुकून खोडला गेला, तर त्याच्याखाली टिंबांची ओळ द्यायची आणि समासात लिहायचे, "राहू द्यावे". दादाचे म्हणणे, माझा सगळा स्वभाव त्या एका खुणेत आला आहे.

दादा ग्रंथालयाच्या श्राव्य विभागातून पुस्तके आणून ऐकतो. एक बाई शांत, खणखणीत आवाजात संपूर्ण कादंबरी वाचतात, ती पेन ड्राइव्हवर भरून मिळते. दादाचा संगणक इतका जुना की दुरुस्तीवाल्याने त्याला हात लावण्याआधी टोपी काढली. पण माणूस कसबी. त्याने त्यात लिनक्स नावाची हलकी प्रणाली घातली. चित्रे नाहीत, खिडक्या नाहीत. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. आपण हुकूम टंकायचा, यंत्राने पाळायचा. डोळस माणसाला हे गैरसोयीचे वाटते. आंधळ्या टंकलेखकाला मात्र हे राज्य मिळाल्यासारखे होते, कारण चित्रावर बोट ठेवायला चित्र दिसावे लागते, हुकूम सोडायला काहीही दिसावे लागत नाही.

मग त्यातल्या वाजवणाऱ्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली. ती आली म्हणजे आपोआप आली. दार वाजवणे वगैरे नाही. नव्या आवृत्तीला प्रत्येक पुस्तकाचे मुखपृष्ठ दाखवायचे होते. ज्याच्या घरात पडदा काळा आणि मालक आंधळा, त्याला मुखपृष्ठ! ते शोधता शोधता संगणकाला धाप लागे. कुठली कळ काय करते तेही बदलले. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, आता नवाच घ्या." मी म्हणालो, "बरं."

तेव्हापासून हाका सुरू झाल्या. "टिंब, थांबव." "टिंब, पुढे ने." "टिंब, शेजारी शिंकलं, मागे घे." मला हाकांचे काही नव्हते. पण एका दुपारी मी बाजारातून परत आलो, तर दादा खुर्चीत ताठ बसलेला आणि खोली गप्प. यंत्र दोन तासांपूर्वी अडकले होते. बायको आतल्या खोलीत होती.

"अरे, हाक का नाही मारलीस?"

"हाक मारायचा कंटाळा आला," दादा म्हणाला. त्याची बोटे टेबलावर होती आणि ती काहीही टंकत नव्हती.

मला इतका राग आला की कुणाला "बरं" म्हणावे तेच कळेना.

मी त्याच ग्रंथालयातून प्रोग्रॅम लिहायला शिकवणारे पुस्तक आणले. पुस्तकात अकरा छपाईच्या चुका होत्या, त्यामुळे मन रमले. सहा आठवड्यांत कळले की साधी, न दाबलेली ध्वनिफाइल ही अगदी पुस्तकासारखी असते. पहिले चव्वेचाळीस बाइट म्हणजे नामपृष्ठ: आवाज एकेरी की दुहेरी, वेग किती. त्यापुढे सगळा मजकूर, म्हणजे नुसते आकडे. नामपृष्ठ वाचायचे, मग आकडे क्रमाने ध्वनियंत्राच्या हाती द्यायचे. एवढेच. एवढ्यासाठी जग हजारो फायली घेऊन फिरते हे समजले तेव्हा मी खोलीत एकटाच मोठ्याने हसलो. बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, बरं आहे ना?"

पहिल्या प्रयत्नात मी आकड्यांचे बाइट उलटे दिले. कढईत एकदम शंभर गोष्टी तळायला सोडल्यासारखा आवाज झाला. वरून इंजिनियर धावत आले. त्यांनी नोकरीभर पाण्याच्या पंपांची देखभाल केली असल्यामुळे कुठलेही यंत्र त्यांना पंपच वाटते.

"हवा धरलीय," ते म्हणाले.

"कशानं?"

"तुमच्या प्रोग्रॅमनं. दाब वाढवा."

दुसऱ्या प्रयत्नात मी नामपृष्ठही आवाज म्हणून वाजवले, सुरुवातीला खाट् असा आवाज येई आणि दादा दचकून "कोण आहे?" म्हणे. तिसऱ्या प्रयत्नात बाईंचा आवाज आला, पण त्या खारीसारख्या भरभर आणि किनऱ्या आवाजात बोलू लागल्या. कादंबरीतल्या सासऱ्यांचा मृत्यू चालू होता. सासरे पावणेदोन मिनिटांत गेले आणि दादाला हसू आवरेना. मी दिवसभर गणिते तपासत तोच मृत्यू पुन्हा पुन्हा वाजवत राहिलो. शेवटी खालच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई जिना चढून आल्या.

"काका, तो माणूस सकाळपासून कितीदा मरतोय?"

मी क्षमा मागितली.

"मरू दे, त्याचं काही नाही. पण वाचणारी बाई बरोबर वरच्या सप्तकात आहे. जरासुद्धा इकडेतिकडे नाही. म्हणजे नेमकं दुप्पट होतंय काहीतरी. बघा तुम्ही."

मी पाहिले. आवाज एकेरी होता, मी तो दुहेरी समजून दोन-दोन आकडे एकदम गिळत होतो. सहा आठवड्यांत मला मिळालेला कामाचा सल्ला हा एवढाच, आणि तो देणाऱ्या बाईंनी संगणकाकडे पाहिलेही नव्हते.

मग आला नावाचा प्रश्न. हुकूम इंग्रजी अक्षरांत टंकायचा, पण शब्द मराठी हवा, असे मी ठरवले होते. मी नाव ठेवले "वाज". इंग्रजीत तीन अक्षरे, सुटसुटीत.

दादाने ते एकदा टंकले आणि थांबला. "टिंब, तू चाळीस वर्षं काय तपासत होतास?"

"का?"

"वाज असं घंटेला सांगतात. तू स्वतः वाज. हे यंत्र स्वतः वाजणार आहे का दुसऱ्याला वाजवणार आहे?"

"दुसऱ्याला."

"मग वाजव म्हण. प्रयोजक क्रियापद आहे. लाज वाटत नाही?"

वाटली. ती रात्रभर पुरली. सकाळी मी नाव बदलून "वाजव" केले. दादाने टंकले: व्ही, ए, जे, ए, व्ही. मग उलट्या क्रमाने टंकले. पुन्हा तेच. "अरे! मागून पुढून सारखंच!" त्याने ते अकरा वेळा टंकले. छत्तीस वर्षांत त्याला न्यायालयाने असा एकही शब्द दिला नव्हता.

मी त्यात आणखी एकच सोय केली, वाचनखुणेची. जिथे थांबवले तिथून पुढे. बाकी काही नाही. दोनशे बारा ओळी. दादा आपला आपण वाजवू लागला, थांबवू लागला. हाका बंद झाल्या. चार दिवस मी खोलीबाहेर उगाच येरझारा घातल्या, मग माझीही सवय मोडली.

कादंबरी एकतीस प्रकरणांची होती. ग्रंथालय एका वेळी दहा प्रकरणे भरून देई. विसाव्या प्रकरणाच्या शेवटी कादंबरीतली मोठी सून मध्येच उठून दाराशी जाते, कडीवर हात ठेवते आणि प्रकरण संपते. दाराबाहेर कोण आहे, यावर दादाचे आणि माझ्या बायकोचे कडाक्याचे मतभेद होते. मी पेन ड्राइव्ह घेऊन पुढची प्रकरणे आणायला गेलो.

काउंटरवर नवी सूचना लावलेली होती. यापुढे ध्वनिमुद्रणे फक्त मान्यताप्राप्त वाजवकांसाठीच, म्हणजे वाजवणाऱ्या प्रोग्रॅमसाठीच, मिळतील. पेन ड्राइव्हवर मान्यता मिळालेल्या नावाचा प्रोग्रॅम आढळला, तरच ग्रंथालयाचे यंत्र त्यात पुस्तक भरेल.

"कुठले मान्य आहेत?" मी विचारले.

काउंटरवरच्या बाईंनी यादी दाखवली. यादीत दोन होते. दोघांनाही मुखपृष्ठे लागत.

"मी स्वतःचा लिहिलाय."

"मग अर्ज करा ना आजोबा. ऑनलाइन आहे, इथंच बसून भरा."

मी बसलो. आता त्या अर्जाबद्दल सांगतो आणि शक्यतो शांतपणे सांगतो. प्रोग्रॅमचे नाव: वाजव. बोधचिन्ह: मी एक टिंब काढले, ते चालले, त्या अर्जाने माझ्याशी केलेला तेवढाच चांगुलपणा. पडद्याचे छायाचित्र: मी काळ्या पडद्याचे दिले. "चित्र कोरे आहे." कोरे नव्हते, काळे होते, पण अर्जाशी वाद कसा घालणार? मग प्रश्न: आपला प्रोग्रॅम वापरणाऱ्याची कोणती माहिती गोळा करतो? नाव, पत्ता, ठिकाण, संपर्क. मी काहीच निवडले नाही. "किमान एक पर्याय निवडावा."

"बाई, हा काहीच गोळा करत नाही."

"काहीतरी टिक करा ना आजोबा. सगळे करतात."

"पण तो खरंच काही विचारत नाही कुणाला."

"विचारायला लावा मग."

मी "नाव" निवडले आणि मनात शपथ घेतली की माझा प्रोग्रॅम दादाला त्याचे नाव कधीही विचारणार नाही. मग फाइल जोडली. मग ती लाल अक्षरे.

बाई वाकून पाहू लागल्या. "अय्या, अठरा केबी? अर्धवट अपलोड झालंय हे."

"पूर्ण आहे."

"मग उरलेला कुठंय?"

"उरलेला नाहीच."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. डॉक्टर रुग्णाच्या घरच्यांकडे पाहतात तसे. "किमान एक एमबी लागतो, आजोबा. त्याहून लहान आला तर आमच्याकडे त्याला व्हायरस समजतात. मी काय करू, फॉर्मच तसा आहे."

"बरं," मी म्हणालो. आणि मग, हे मी जगाच्या लक्षात आणून देऊ इच्छितो, "बरं, बरं."

घरी येताना जिन्यात इंजिनियर भेटले. मी सांगायला नको होते. पण रागावलेला लाजाळू माणूस भेटेल त्याला सांगतो, हा त्याचा दुबळेपणा असतो.

"एवढंच ना? आवाज घाला त्यात. आवाज जागा फार खातो. मी स्वागतपर दोन शब्द बोलतो."

मी नाही म्हणायला तोंड उघडले आणि त्यातून "बरं" आले. त्यांनी कोट घालून रेकॉर्ड केले. बारा सेकंद: "नमस्कार, मित्रहो! वाजव परिवारात आपलं मनःपूर्वक स्वागत असो! या, बसा, आणि स्वरांचा आनंद घ्या!" नेमका एक एमबी भरला. अर्जाचे यंत्र खूश झाले, "तपासणीसाठी पाठवले" म्हणाले. मी तो प्रोग्रॅम दादाच्या संगणकातही घातला, म्हणजे चालतो की नाही कळेल. आणि दादाला सांगायला विसरलो. विसरलो असे मी म्हणतो. सांगायचे धैर्य झाले नाही, हे जास्त खरे.

दुपारी दादाला जुने प्रकरण पुन्हा ऐकायचे होते. मी बाहेरच्या खोलीत होतो. त्याने टंकले. इंजिनियरांचा आवाज घुमला.

"या, या," दादा आतून म्हणाला. "बसा ना. केव्हा आलात? दार वाजलेलं कळलंच नाही मला."

मग बाई वाचू लागल्या. दादाने घाईने थांबवले. "तुम्ही बोला हो. हे मी नंतर ऐकेन. अगं, चहा टाकतेस का, वरचे आलेत!"

माझी बायको पदराला हात पुसत दारात आली, रिकाम्या खुर्चीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी जागचा हललो नाही. दादा त्या खुर्चीशी आणखी दोन वाक्ये बोलला. गुडघ्यांची चौकशी केली. उत्तर आले नाही. मग त्याने हात पुढे करून खुर्चीची पाठ चाचपली.

त्याने हात मागे घेतला.

"टिंब."

मी आत गेलो.

"हे तू केलंस?"

"जागा भरायची होती, दादा. ते लोक म्हणाले, लहान आहे."

"लेखक जागा भरायला लागले की तू काय करायचास?"

"खोडायचो."

"मग खोड." त्याने तोंड भिंतीकडे फिरवले. "मी दिसत नसलेल्या माणसांशी बोलतो का, एवढंच बघायचं राहिलं होतं लोकांना."

मी खोडले. त्यानंतर मला जो राग आला, तो मला आधी कधीच आला नव्हता. अर्ज परत मागवून घेतला. आता एक एमबी तर हवाच होता, पण दादाच्या कानाला तो लागता कामा नये. आणि मला छापखाना आठवला. पुस्तकाचे फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे गठ्ठे, पूर्ण भरले नाहीत तर शेवटी कोरी पाने राहतात. वाचक तिथवर जातच नाही. प्रोग्रॅमचेही तसेच. त्याच्या शेवटानंतर काहीही लिहून ठेवले, तरी यंत्र तिकडे ढुंकून पाहत नाही. कोरी पाने का सोडायची? मी तिथे माझा राग लिहायचे ठरवले. सगळा. सत्तर वर्षांचा. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला तीन बाइट लागतात, म्हणजे मातृभाषेत रागावले तर जागाही लवकर भरेल.

पहिले वाक्य लिहिले: "'आपली फाइल फारच लहान आहे' या वाक्यातला 'च' अनावश्यक आहे." मग हात सुटला. मुखपृष्ठे दाखवणाऱ्यांवर लिहिले. पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडणाऱ्यांवर लिहिले. माझ्या निरोपसमारंभाच्या मानपत्रावर लिहिले. चाळीस वर्षांच्या सेवेबद्दल मला दिलेल्या त्या मानपत्रात "मुद्रितशोधक" ऐवजी "मुद्रितशोषक" छापले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी "बरं" म्हणून ते घरी आणले, अजून कपाटात तोंड भिंतीकडे करून उभे आहे. इंजिनियरांवर लिहिले. रिकाम्या खुर्चीवर लिहिले. स्वतःवर बरेच लिहिले. लिहीत सुटलो, घाम आला, आणि एका जागी अचानक लक्षात आले की संपले.

मोजले. अकरा केबी. सत्तर वर्षांचा राग छापील दोन पाने भरला. मी तो दोनदा तपासला. एक अनुस्वार सोडला तर चूक नव्हती. मग नाइलाजाने त्याच रागाच्या ब्याण्णव प्रती एकापुढे एक लावल्या, तेव्हा कुठे एक एमबी झाला. बायकोने मागून वाचले आणि म्हणाली, "अहो, यात मी कुठे दिसत नाही." मी म्हणालो, तुझ्यावर राग नाही. ती म्हणाली, "एकोणचाळीस वर्षांत एकदाही नाही? शोभतं का हे?" आणि तीन दिवस माझ्याशी मोजकेच बोलली.

अर्ज पुन्हा पाठवला. तपासणी तीन आठवडे चालली. तीन आठवडे सून कडीवर हात ठेवून उभी होती. दादाने पहिली वीस प्रकरणे दोनदा ऐकली आणि नंतर ऐकणे सोडले. इंजिनियर दोनदा खाली येऊन "माझ्या स्वागताला प्रतिसाद कसा आहे?" विचारून गेले. मी ग्रंथालयाच्या प्रत्येक पत्राला घाबरत होतो. कुणीतरी शेवटची पाने वाचेल, मला बोलावून घेईल, सगळ्यांसमोर उभे करून विचारील. काय उत्तर द्यायचे तेही मी ठरवून ठेवले होते.

बोलावणे आले. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो.

"मंजूर झालं की आजोबा!" बाईंनी प्रमाणपत्र पुढे सरकवले.

"सगळं... वाचलं?"

"कोण वाचतंय? साइज बघतात. साइज छान आहे तुमची."

ब्याण्णव वेळा लिहिलेला माझा राग एकाही माणसाने एकदाही वाचला नव्हता. यावर मी "बरं" म्हणणार होतो, तेवढ्यात प्रमाणपत्रावर नजर गेली. सवयच ती. मान्यताप्राप्त वाजवकाचे नाव: वाचव.

"बाई, हे वाजव आहे."

"हो, तेच लिहिलंय. वाचव."

"वाजव. ज."

"च?"

"ज हो. ज!"

"मशीन सुधारून घेतं आपोआप, आजोबा. ग्रंथालय आहे ना, इथं वाचणंच जास्त येतं. आता दुरुस्ती पाहिजे तर नावबदलाचा अर्ज. पंचेचाळीस कामाचे दिवस. तोवर पुस्तक नाही देता येणार."

आणि मी ओरडलो. मी, ज्याने चाळीस वर्षांत आवाज चढवला नाही, त्याने ग्रंथालयाच्या वाचनकक्षाच्या दारात, "शांतता राखा" या पाटीखाली ओरडून सांगितले: "ज! जळण्यातला ज! जुलमातला ज! जेवणातला ज!" वाचनकक्षातली सगळी डोकी वर आली. त्याच क्षणी माझ्या लक्षात आले की जेवणातल्या ज चा उच्चार वाजवमधल्या ज पेक्षा वेगळा आहे, म्हणजे उदाहरण चुकले. मी खाली बसलो.

बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. "एवढं काय त्यात? आत्ता इथंच फायलीला वाचव नाव द्या, पुस्तक भरून घ्या. घरी जाऊन मग काय हवं ते नाव ठेवा. कोण बघतंय?"

मी दाराशी ताटकळलेल्या त्या सुनेचा विचार केला. फायलीचे नाव बदलले. छापलेली चूक मी पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने केली होती.

घरी दादा खुर्चीत बसला होता. मी पेन ड्राइव्ह जोडला आणि सगळे सांगितले. ओरडलो तेही सांगितले.

"तू ओरडलास?" दादाची मान वर झाली. "किती मोठ्यानं?"

"पाण्याचा पेला दिला त्यांनी."

"मला न्यायचं होतंस रे!"

"हो. थांब, नाव परत वाजव करून देतो. दोन सेकंदांचं काम आहे."

"काय ठेवलंय म्हणालास?"

"वाचव."

त्याने बोटे कळांवर ठेवली, दाबली नाहीत. "वाचव. म्हणजे वाचायला लाव. प्रयोजक आहे. व्याकरण चुकत नाही."

"पण उलटं टंकलं तर तेच येत नाही, दादा. आणि याचा दुसराही अर्थ होतो. रोज यंत्रापुढं बसून वाचव, वाचव म्हणणार का तू?"

दादाने पहिली कळ बोटाने चाचपली.

"तुला म्हणायला मला जमलं नसतं," तो म्हणाला. "यंत्राला म्हणायला काय जातंय? राहू दे."

मी बाहेरच्या खोलीत आलो. आतून कळा ऐकू आल्या, एकेक, मोजता येतील अशा. सहा. मग शेवटची कळ, टंकलेखक ओळ संपवताना मारतो तशी ठणकावून. मध्ये कुणी स्वागत केले नाही. प्रकरण एकविसावे, बाई म्हणाल्या, आणि सुनेने कडी काढली. "बघ, मी म्हणत होते!" स्वयंपाकघरातून बायको ओरडली. "गप गं, ऐकू दे!" दादा ओरडला.

प्रमाणपत्र मांडीवर होते. मी खिशातली लाल पेन्सिल काढली. "वाचव" मधल्या च भोवती वर्तुळ करायला ती टेकवलीही होती. मग च सोडला, आणि शब्दाच्या खाली डावीकडून उजवीकडे सावकाश टिंबे देत गेलो.

राग अजून आहे. अकरा केबी.